घरात चुली किती?

सोलर विकायला येणाऱ्याला मी आधी पाणी देतो, मग त्याचं ओळखपत्र मागून ते दोन्ही बाजूंनी वाचतो. चहा त्यानंतर, तोही बोलणं पटलं तर. एकतीस वर्षं वीज कंपनीत काढली. त्यातली शेवटची चौदा भरारी पथकात, म्हणजे वीजचोर पकडणाऱ्या तुकडीत. माणूस काय म्हणतो ते ऐकायचं नाही, त्याच्या मीटरचं सील बघायचं, हे अंगात मुरलेलं. मी निवृत्त झालो, सवय झाली नाही.

२०३६ सालच्या मार्चपर्यंत मी तीन कंपन्यांना वाटेला लावलं होतं. पहिला पोरगा म्हणाला, "साहेब, आमचं सोलर बसवा आणि लाइट जाणं विसरा." मी विचारलं, "बॅटरी देतोस का?" तर म्हणाला, "नाही, डायरेक्ट ग्रिडला जोडतो." मग झालं की! ग्रिडला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलर लाइट गेल्याबरोबर आपणहून बंद पडतं, आणि ते पडायलाच हवं. नाहीतर लाइन बंद आहे म्हणून वायरमन खांबावर चढायचा आणि कुणाच्या तरी गच्चीवरची वीज उलटी येऊन त्याला धरायची. दुसऱ्याच्या पॅनेलांची गॅरंटी पंचवीस वर्षांची आणि त्याची कंपनी दीड वर्षाची. तिसऱ्यानं गच्चीवर पाय न ठेवताच बारा पॅनेलं कागदावर मांडली. दुपारी तीननंतर टाकीची सावली कुठं पडते, हे त्याला स्वप्नात कळलं असावं.

चौथी आली ती मृण्मयी ढाणे. सव्वीस-सत्तावीस वर्षांची इंजिनियर. ती बोलत न बसता सरळ जिन्यानं गच्चीवर गेली. टाकी बघितली, शेजारच्या जंगम मास्तरांचं नारळाचं झाड बघितलं, खाली आली आणि मेन स्विच उघडायची परवानगी मागितली. सगळं अगदी बरोबर. इतकं बरोबर वागणारं माणूस दिसलं की माझा संशय दुप्पट होतो.

"काका, पॅनेल कुठलंही घ्या, त्यात आता फारसा फरक राहिलेला नाही," ती म्हणाली. "निवड करायची ती इन्व्हर्टरची. आणि किती किलोवॅटचं बसवायचं, बॅटरी हवी की नको, हे ठरवायला आधी महिनाभर तुमच्या मेनवर पारखी लावावा लागेल."

पारखीबद्दल मी पेपरात वाचलं होतं, आणि पेपरात वाचलेलं मी तसंही धरत नाही. म्हणून तिच्याकडून सगळं नीट समजून घेतलं.

पॅनेलमधून येते ती एकाच दिशेनं वाहणारी वीज. घरात लागते ती सेकंदाला पन्नास हेलकावे खाणारी. एकीची दुसरी करतो तो इन्व्हर्टर. पूर्वी त्याचं काम तेवढ्यावर संपायचं. पण गेल्या दहा वर्षांत कराडच्या गल्लीगल्लीतल्या गच्च्या पॅनेलांनी काळ्या झाल्या आणि नवीच पंचाईत उभी राहिली. भर दुपारी घरात माणूस नाही, सगळ्या गच्च्या एकदम वीज ओततायत, गल्लीचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तापतोय, व्होल्टेज चढतंय. सकाळी मात्र ऊन कोवळं आणि सगळ्यांचे गीझर एकाच वेळी सुरू. तेव्हा कुठलं घर कधी किती घेणार आणि किती देणार, हे ग्रिडला आदल्या दिवशीच कळायला हवं. ते सांगायला पारखी.

तो मेनच्या वायरीला चिमट्यासारखा लावतात. विजेची लाट तो सेकंदाला हजारो वेळा मोजतो. प्रत्येक उपकरण त्या लाटेचा घास आपापल्या पद्धतीनं घेतं. फ्रिज सुरू होताना आधी मोठा घास घेतो, मग संथ चावत राहतो. इंडक्शनची शेगडी बारीक तुकडे पाडून खाते. एलईडीचा दिवा लाटेच्या फक्त माथ्याला तोंड लावतो. जिन्यावरच्या पावलांवरून आपण घरातलं माणूस ओळखतो, तसा हा एका वायरीवरून घरातली सगळी उपकरणं ओळखतो. पण तिथं थांबत नाही. कशामागून काय सुरू होतं, याच्या तो साखळ्या जुळवतो. गीझर, मग शेगडी, मग हॉलचा पंखा, ही एका माणसाची सकाळ. दुसऱ्याची साखळी दुसरी. या साखळ्या दिवसभरात एकाच दिव्याशी, एकाच पंख्याशी, एकाच टीव्हीशी येऊन मिळत राहिल्या, की पारखी समजतो, हे एक कुटुंब.

"म्हणजे घरात नेमलेला खबरी," मी म्हणालो.

मृण्मयी हसली. "नियमच झालाय काका. चुकवता येत नाही."

तेवढ्यात माझी बायको रत्नमाला चहा घेऊन आली. मी कप घेतला. ती त्या मुलीकडे वळली. "ह्याला घरात बोललेलं कळतं का गं?"

"नाही काकू. फक्त वीज कळते."

"तेवढं पुरं झालं," रत्नमाला म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं तिच्या फॉल-पिकोच्या मशीनचा आवाज सुरू झाला.

ती मागची खोली तिचीच. गुडघे दुखतात, जिना नको, म्हणून मी निवृत्त झालो त्याच वर्षी तिनं आपलं अंथरूण खाली हलवलं. मी वर. तिच्या खोलीत एक लहान शेगडी आहे चहापुरती, एक टेबलफॅन, जुना टीव्ही. आमची मुलगी पल्लवी लग्न होऊन नाशिकला. मी साडेअकराला जेवतो. ताट वाढून झाकलेलं असतं, आणि मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की रत्नमाला पाण्याचा तांब्या ठेवून बाहेर पडते. ती मागून जेवते. आमच्याकडे बायका मागूनच जेवतात, त्यात काय बघायचं? महिनाभर पारखी मेनवर चिकटून बसला आणि मी रोज सकाळी चष्मा लावून त्याचं सील तपासत राहिलो.

तिसाव्या दिवशी मृण्मयी आली ती थेट खुर्चीत बसली. गच्चीकडे बघितलंही नाही.

"काका, खाली भाडेकरू ठेवलेत का?"

"भाडेकरू? माझ्या घरात?"

तिनं टॅब माझ्यापुढे धरला. अहवालात पहिलीच ओळ होती: जागेतील कुटुंबसंख्या दोन. खाली कुटुंब अ आणि कुटुंब ब अशा दोन रकान्यांत दिवसाचे तास मांडलेले. अ ची शेगडी सकाळी दहाला, ब ची दुपारी एकला. अ चा टीव्ही संध्याकाळी सातला, ब चा त्याच वेळी दुसरा टीव्ही. शेवटी एक ओळ होती: सामाईक वापर, रोज सरासरी चार मिनिटे.

"हे चुकलंय," मी म्हणालो.

"चुकू शकतं. पण अहवाल आपोआप वीज कंपनीत जातो काका, आणि तिथं तुमचा सोलरचा अर्ज अडकलाय. एका घरगुती जोडणीवर न सांगता दुसरं बिऱ्हाड ठेवलं तर तो गैरवापर धरतात. दहा दिवसांत पडताळणीला माणूस येईल."

माझी कानशिलं तापली. ज्या ऑफिसात थोरवडेसाहेब आले म्हटल्यावर लोक खुर्चीत सरळ व्हायचे, तिथं आता थोरवड्याच्या घरात चोरून दुसरं बिऱ्हाड म्हणून फाइल फिरणार. उभ्या जन्मात मी एक युनिट कुणाचं घेतलं नाही. आणि घेणारा दुसरा कोण असेल, याचा मला त्याच क्षणी संशय आला. यंत्र खोटं बोलत नसेल, तर माझ्या मेनच्या पुढून कुणीतरी वायर ओढली होती. दुसरं बिऱ्हाड होतं, फक्त ते भिंतीच्या पलीकडे होतं.

पलीकडे शिवानंद जंगम मास्तर राहतात. हायस्कूलमधले निवृत्त चित्रकलेचे शिक्षक. बावीस वर्षांचा शेजार, मध्ये एक सामाईक भिंत. गेल्या वर्षी त्यांनी भिंतीलगत नवी मोरी बांधली होती, तेव्हा खोदकाम झालं होतं. मला ते आठवलं आणि सगळं जुळलं. माणसाला जे जुळवायचं असतं ते जुळतंच.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून वायरीतला प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर काढला. एकेक जंक्शन उघडलं, भिंतीवरून हात फिरवत वायरी शोधल्या, मोरीच्या कडेचा गिलावा दोन ठिकाणी खरवडला. रत्नमाला मागच्या दारात उभी राहून बघत होती.

"काय शोधताय?"

"आकडा," मी म्हणालो. "जंगमानं आपल्या लाइनीवर आकडा टाकलाय."

ती पदर खोचून आत गेली. आता आठवतं, तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

भरारी पथकाची एक रीत असते. खात्री पटली की वेळ काढायचा नाही, माणूस बेसावध असताना दारात उभं राहायचं. एप्रिलचं ऊन रणरणत होतं, एक वाजायला आलेला. जंगम मास्तर बनियनवर बसून पेपरातलं कोडं सोडवत होते, वहिनी कुरडया राखत होत्या.

"मास्तर, तुमचा मेन स्विच बघायचाय."

"बघा की. का हो, काय झालं?"

मी अहवाल वाचून दाखवला. मग जे म्हणायचं ते म्हणालो. बावीस वर्षांच्या शेजारानंतर म्हणालो. वहिनींच्या हातातली काठी तशीच राहिली. मास्तरांनी पेपराची घडी घातली, बनियनला खिसा नसल्यामुळे पेन कानावर ठेवलं, आणि उठून स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली पाडला. पंखा थांबला. फ्रिजचा आवाज थांबला.

"बसा," ते म्हणाले. "आता आमच्या घरात एक दिवासुद्धा न्हाई. तुमच्या त्या मोबाइलात काय दिसतंय ते बघा."

पारखी दर मिनिटाला मोबाइलवर आकडे देतो. आम्ही तिघं घामानं निथळत बसलो. एक वाजून आठ मिनिटांनी पडद्यावर कुटुंब ब जागं झालं. शेगडी, लहान. मग मिक्सर, वीस सेकंद. मग अर्ध्या तासानं टेबलफॅन.

"अजून चालू हाय?" मास्तरांनी विचारलं.

"आहे."

"थोरवडे, तुमी शिकलेलं माणूस. काखेत कळसा आन् गावाला वळसा म्हणतात ते असं." त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. "ही पुरी गल्ली तुमच्या घरात दोन चहा होताना बघतीया. आमी कोण बोलणारं? जावा आता. तिकडं रत्नमालावहिनींच्या जेवणाची वेळ झालीया."

मी उठलो. त्यांचा मेन स्विच वर करायचंही मला सुचलं नाही.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. रत्नमाला पिको मशीनच्या शेजारी पाटावर बसून जेवत होती. लहान शेगडीवर लहान कढई, तिच्यात भरल्या वांग्याची भाजी. मी साडेअकराला खाल्लेली गवारीची भाजी स्वयंपाकघरात तशीच झाकून होती, तिनं तिला हात लावला नव्हता. फळीवर पिठाचा डबा, तांदळाचा डबा, डाळी, तेलाची बरणी, मीठ-मिरचीचा मिसळणाचा डबा. चौदा वर्षं मी लोकांच्या घरात शिरून वस्तूंवरून अंदाज बांधत आलो. ही चहापुरती मांडामांड नव्हती, हे दारातूनच कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिनं घास संपवला. "ह्या दिवाळीला आठ वर्षं हुतील. आधी तुमी हापिसात गेल्यावर करत हुते. मग हितं आले."

"आणि मला कळलं नाही?"

"तुमचं ताट येळेवर असायचं. ताट येळेवर असलं की पुढचं कोण बघतंय?"

आठ वर्षं म्हटल्यावर मला काही मोजावं लागलं नाही. तिचा भाऊ सर्जेराव. उंब्रजला त्याची पिठाची गिरणी होती. एकदा जेवताना मी सहज विचारलं होतं, सर्जेरावचं कसं काय चाललंय? ती कौतुकानं सांगत बसली. किती राबतोय म्हणून सांगू, दुपारी समदं गाव झोपतं तवा ह्याची गिरणी चालू, शेजारच्या तीन गावांचं दळण घेतोय. गिरणी एवढी चालत होती आणि त्याच्या मीटरवर त्याच्या निम्माही वापर दिसत नव्हता, हे मला कागदावरून ठाऊक होतं. वेळ तेवढी ठाऊक नव्हती. चार दिवसांनी दुपारी दोन वाजता मी गिरणीच्या दारात होतो. मीटरला बगल देऊन ओढलेली वायर सापडली. पंचनामा झाला, केस झाली, गिरणी बंद पडली. सर्जेराव भोसरीला वॉचमन म्हणून गेला. त्या वर्षी मला ऑफिसात शाल आणि श्रीफळ मिळालं. ती शाल रत्नमालानंच घडी करून कपाटात ठेवली होती.

"चोरी होती, रत्ना," मी म्हणालो.

"व्हय, हुती. मी कवा न्हाई म्हणलं?" तिनं ताट बाजूला सारलं. "त्याला धरायचा तर धरायचा. त्यो तुमचा धंदा. पर मला इचारून धरलात तुमी. मी माझ्या भावाचं कौतुक सांगत हुते आन् तुमी माझ्या तोंडातनं टाइम काढून घेत हुता. त्यो तुमच्यावर न्हाई रागावला. त्यो माझ्यावर रागावलाय. आठ भाऊबीजा गेल्या, बोलावणं न्हाई."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस? भांडायचं होतंस."

"तुमच्यापुढं बोललेलं कुठं जातंय ते बघितलं हुतं की."

मला राग आला, मग लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर भीती वाटली. चोर पकडताना कधी वाटली नव्हती तशी. एवढ्या वर्षांत मी या बाईला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, कुणापुढे तिचा पाणउतारा केला नाही, आणि तरी ती एका छपराखाली माझ्यापासून निघून गेली होती. जाताना तिनं साधी कडीसुद्धा वाजवली नव्हती.

"तुमच्या पगारातला घास तवापासनं गिळवेना," ती शांतपणे म्हणाली. "पिकोचं पैसं येतात, त्यात माझं भागतं. तुमचं काय कमी केलं न्हाई मी. आता जावा, मला दोन साड्या द्यायच्या हायत संध्याकाळपातुर."

दोन दिवस मी गच्चीवर जाऊन बसत होतो. सोलरचं कुणाच्या डोक्यात होतं? त्या अहवालातली शेवटची ओळ तेवढी फिरून फिरून येत होती. चार मिनिटं. मी वेळ लावून बघितली. साडेअकराला स्वयंपाकघरातला पंखा ती लावते, ताट वाढते, तांब्या ठेवते, मी येतो, ती जाते. तीच ती चार मिनिटं. बाकीच्या सगळ्या दिवसात आमच्या दोघांवर मिळून एक दिवा जळत नव्हता. मला हे एका चिमट्यानं सांगावं लागलं.

तिसऱ्या दिवशी मी असा शहाणपणा केला की आजही आठवला की जीभ चावतो. पडताळणीला पाच दिवस राहिले होते. मी मागच्या खोलीच्या दारात जाऊन म्हणालो, "असं करू. पाच दिवस एका शेगडीवर स्वयंपाक करू, एकत्र जेवू, संध्याकाळी टीव्ही हॉलमध्येच बघू. सामाईक वापर वर जाईल. नव्या नोंदीत एकच कुटुंब दिसेल."

मशीन थांबलं. रत्नमालानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मला वाटलं, जेवायला बोलावताय," ती म्हणाली. "तुमी तर पुरावा तयार करताय."

पुन्हा मशीन सुरू झालं. मी जिना चढून वर गेलो. मला खरंच तिला जेवायला बोलवायचं होतं, पण तोंडातून निघालं ते हेच. एकतीस वर्षांत दुसरी भाषाच शिकलो नाही मी. खाली येऊन ते सांगावं असं दहा वेळा वाटलं. पण आता मी काहीही म्हणालो तरी ते नोंदीसाठीच म्हणतोय असं तिला वाटणार, आणि तिनं तसं का धरू नये? संशय घ्यायचा तर आता तिची पाळी होती.

पडताळणीला आला तो मेघराज कणसे. माझ्याच हाताखाली सात वर्षं होता, आता सहायक अभियंता. दारात वाकून नमस्कार केला, खुर्चीच्या कडेला बसला. मृण्मयीही आली होती. तिला उगाच अपराधी वाटत होतं.

"साहेब, मलाच अवघड वाटतंय बघा तुमच्या घरी यायला," कणसे म्हणाला आणि त्यानं टॅबवर फॉर्म उघडला. नाव, ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक. सील बघितलं. मग घसा साफ केला. "कलम नऊ. जागेत स्वतंत्र चुली किती?"

यंत्र कितीही नवं आलं तरी आपल्याकडे बिऱ्हाड मोजायचं ते चुलीवरूनच. रेशन कार्ड त्यावरून, भावाभावांच्या वाटण्या त्यावरून. ज्याची चूल वेगळी, त्याचा संसार वेगळा. साखळ्या जुळवून पारखी जे म्हणत होता ते मान्य करायला वीज कंपनीलाही शेवटी हाच जुना प्रश्न विचारावा लागत होता.

"एक लिहितो," कणसेनं खालच्या आवाजात सांगितलं. "काकूंची शेगडी चहापुरती, असं. पारखी अजून नवा हाय, चुकतो कधीकधी. तुम्ही सही करा साहेब, अर्ज उद्या मोकळा करतो. तुमच्या नावाला डाग नको."

मिटवून टाकू, असं सांगणारी माणसं मी चौदा वर्षं टेबलापलीकडे बसलेली बघितली होती. त्यांची मला घृणा यायची. आणि आता मला ते हवं होतं. एक लिहिलं की सोलर मंजूर, नाव साबूत, गल्लीला काय दिसतंय ते दिसू दे, कागदावर माझं घर एक. रत्नमाला मागच्या दाराशी उभी होती. ती मध्ये बोलणार नव्हती. आठ वर्षं बोलली नव्हती ती आज कशाला बोलेल? मी सही केली असती तर ती आत जाऊन मशीनवर बसली असती आणि एक वाजता तिची शेगडी लागली असती.

"तिला विचार," मी म्हणालो.

"साहेब?"

"जागेत राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाचा जबाब घ्यायचा असतो. विसरलास? तिला विचार. आणि ती म्हणेल तेच लिही."

कणसे उठून उभा राहिला. "काकू, घरात चुली किती?"

रत्नमालानं आधी माझ्याकडे बघितलं. हा यात कुठला डाव आहे, ते ती शोधत होती. तिला सापडला नाही, कारण तो नव्हता.

"दोन," ती म्हणाली.

कणसेचं बोट टॅबवर टेकलं. मृण्मयीनं मान खाली घातली.

"दोन लिवलं तर मला माझा मीटर मिळंल न्हवं? माझ्या नावाचा?" रत्नमाला पुढे आली. "आन् गच्चीचा थोडा तुकडा?"

"मिळेल काकू. पण मग दोन्ही जोडण्यांना वेगवेगळं सोलर, वेगवेगळा पारखी..."

"मला पारखी नको. एक किलोवॅटाच्या आत असलं तर त्यो लागत न्हाई, असं ह्या पोरीनं मला सांगितलंय. मी इचारलं हुतं फोनवर. मला तेवढंच द्या, दोन पॅनेलं. बॅटरी नको. लाइट गेली तर जाऊ दे, अंधारात बसायची सवय हाय. मी कवा उठते, कवा खाते, ते कुणाला कळायला नको."

मी तीन कंपन्या घालवल्या, चौथीला महिनाभर झुलवलं, आणि माझी निवड अजून व्हायची होती. तिची झाली होती. दोन पॅनेलं, साधा इन्व्हर्टर, न बघणारा. तांत्रिकदृष्ट्या त्यात एकही चूक काढता येत नव्हती.

"दोन कुटुंबांतलं नातं काय, तेही लिहायला लागतं," कणसे म्हणाला. "पती-पत्नीच लिहितो."

"शेजारी लिवा," रत्नमाला म्हणाली.

"काकू, तिथं असं चालत..."

"ती म्हणेल तेच लिहायचं ठरलंय," मी म्हणालो. "शेजारी लिही."

त्यानं लिहिलं. मग टॅब माझ्याकडे वळवला. घर माझ्या नावावर होतं, त्यामुळे दुसऱ्या मीटरला जागामालकाची संमती लागणार होती. त्यानं नियमाप्रमाणे विचारलं, माझ्याकडे न बघता.

"साहेब, दुसऱ्या बिऱ्हाडाला वेगळी जोडणी द्यायला तुमची काही हरकत आहे का?"

रत्नमाला अजून तिथंच उभी होती. हरकत होती. मी 'नाही' या चौकटीवर बोट टेकवलं आणि खाली सही केली.